गळ्याचं काज

हातानं केलेलं काज ओळखता येतं का, असं मला कल्याणच्या कोर्टात वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. वकील हसले.

"बाई, काज म्हणजे बटणासाठी पाडलेलं भोक. एकासारखं दुसरं. त्यात ओळखायचं काय?"

"आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं ना, तसं," मी म्हटलं.

तेव्हा मी पंचविशीच्या आतली होते. अंबरनाथहून उपाशीच निघाले होते आणि कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं. माझं उत्तर कोर्टानं लिहून घेतलं. त्याचा भार किती होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

आम्ही अंबरनाथला स्टेशनापासून थोड्या आतल्या एका चाळीत राहत होतो. आमचे हे कारखान्यात टाइमकीपर होते, पण छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं घरीच पडून होते. घर चालवायचं तर मला हातपाय हलवणं भाग होतं. निर्वासितांच्या कँपात एक सिंधी शिंपी होते. फाळणीनंतर आलेले. बराकीतल्या अर्ध्या खोलीत बिऱ्हाड आणि अर्ध्या खोलीत मशीन. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शर्ट शिवायचे आणि काजं-बटणं माझ्याकडे द्यायचे. दर आठवड्याला मी गाठोडं घेऊन रुळांच्या कडेकडेनं कँपात चालत जायची, झालेले शर्ट द्यायची, नवे आणायची. कँपाला तोवर उल्हासनगर हे नाव पडलं होतं, पण आमच्या तोंडात कँपच होतं.

काजाचं काम दिसतं सोपं. कापडाला चीर द्यायची, कडेनं धावदोरा घालून घ्यायचा आणि मग गाठीचे टाके एकाला एक चिकटवत पूर्ण चीर बांधत आणायची. एक टाका सैल पडला की काज तोंड वासतं. दहा-बारा शर्ट झाले की मान धरायची, डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागायचं. मग उठून यांना औषध द्यायचं, भात टाकायचा आणि परत बसायचं. ती दोन वर्षं मला आठवतात ती अशी, मान खाली घालून.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक फिटर राहत होता. तो, त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. मुरबाडकडची शेतकरी माणसं. दोघे भाऊ वेगवेगळ्या कारखान्यांत लागले होते. फिटरचं काम चांगलं होतं, पण पिणं वाईट. मुंबई इलाख्यात दारूबंदी आली होती, त्यामुळे त्याला प्यायला बदलापूरच्या पुढे नदीकाठच्या हातभट्टीवर जावं लागायचं. तिथून आला की बायकोला मारायचा. भिंत पातळ होती, आम्हाला सगळं ऐकू यायचं. सकाळी ती नळावर यायची तेव्हा कुणी काही विचारायचं नाही आणि तीही सांगायची नाही. माझ्याशी मात्र तिचं बरं होतं. यांना उकड्या तांदळाची पेज लागायची, ती तिच्या घरून यायची.

आदल्या दिवाळीला फिटरनं मास्तरांकडे एक शर्ट शिवायला टाकला. पांढऱ्यावर निळे पट्टे, तसा तलम कपडा चाळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तो शर्ट करायला घेतला त्या दिवशी यांच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं होतं. गळ्याच्या काजाची चीर माझ्याकडून लांब कापली गेली. टोकाला चार टाके जादा घालून मी ती बुजवली, आणि पांढरा धागा संपला होता म्हणून ते टाके करड्या धाग्यानं घातले. बटण लावल्यावर ते दिसत नव्हते. तरी मी शेजारणीला सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्याला काय कलतंय. राहू दे." आणि फिटर तो शर्ट घालून वर्षभर मिरवला.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी दोघा भावांचं भांडण झालं. थोरला वहिनीला मारत असताना धाकट्यानं त्याचा हात धरला होता. सगळी चाळ दारात आली. धाकटा एरवी मुखदुर्बळ, पण त्या दिवशी ओरडून म्हणाला, "पुन्हा तिच्यावर हात टाकलास तर तुझा जीव घेईन." फिटरनं आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "राहा तुम्हीच दोघं," आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. तो त्या दिवशी परतला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

सहाव्या की सातव्या दिवशी बदलापूरच्या बंधाऱ्याखाली एक प्रेत लागलं. डोक्याला मागून मार होता. पाण्यात राहिल्यामुळे तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. अंगात पट्ट्यांचा शर्ट होता, बाकी ओळख पटावी असं काही नाही. हवालदार तो शर्ट कागदात गुंडाळून शिंप्याशिंप्यांकडे फिरला. कँपात मास्तरांनी शर्टाची बेतणी ओळखली. ते हवालदाराला घेऊन माझ्याकडे आले.

"भेण," ते हळूच म्हणाले, "कटाई मेरी है. काज देख, तेरे हैं क्या?"

मी गळ्याचं बटण सोडलं. टोकाला चार करडे टाके होते. खोटं कशाला बोलू, ओळख पटली त्या क्षणी मला थोडा अभिमानच वाटला. "हो, माझंच काज," मी म्हटलं, "आणि हा शर्ट कुणाचा तेही सांगते." बोलून झाल्यावर लक्षात आलं की शेजारीण दारात उभी आहे.

तिला बैलगाडीनं नदीवर नेलं. चाळीतल्या दोघी बायका सोबत होत्या, त्यातली एक मी. तिनं प्रेताच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंडाला पदर लावून मान हलवली. फौजदारांनी विचारलं, "तुझाच नवरा ना?" तिनं पुन्हा मान हलवली. घरी आणून बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. धाकट्यानं अग्नी दिला. तो चितेशी इतका थरथरत होता की एका म्हाताऱ्याला त्याचा हात धरावा लागला. सगळे म्हणाले, भावावर जीव होता पोराचा.

बाराव्याच्या आतच फौजदारांनी त्याला पकडलं. "तुझा जीव घेईन" हे सगळ्या चाळीनं ऐकलं होतं. शिवाय रेल्वेच्या फाटकवाल्यानं सांगितलं, की भांडण झालं त्याच संध्याकाळी तो नदीच्या रस्त्याला जाताना दिसला होता. धाकट्यानं ते नाकारलं नाही. "दादाला शोधायला गेलो होतो. दादा भेटला नाही. मी माझ्या भावाला मारलं नाही." चौकीत तेच, कल्याणच्या कोर्टात तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मेलेला माणूस फिटरच, याला बायकोची मान आणि माझं काज एवढाच काय तो पुरावा होता. भांडणाच्या सकाळी त्याच्या अंगात काय होतं, ते चाळीत कुणाला आठवत नव्हतं. बायकोनं चेहरा ओळखला नव्हता, म्हणून सगळा भर माझ्यावर आला. मला दोनदा चौकीत बोलावलं, तीनदा कोर्टात. प्रत्येक वेळी दिवस फुकट जायचा. नंबर लागायचा नाही, व्हरांड्यात बसून राहायचं, घरी हे एकटे. शेवटी जबाब झाला आणि वकील हसले ते सुरुवातीला सांगितलंच. खटला ठाण्याच्या मोठ्या कोर्टात पाठवायचं ठरलं. आता पोरगा फासावर जातो, असं लोक उघड बोलायला लागले. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

आणि होळीच्या आधी चार-पाच दिवस फिटर परत आला.

सकाळची वेळ होती, नळावर आम्ही सगळ्या होतो. तो स्टेशनाच्या रस्त्यानं वळकटी खांद्यावर टाकून चालत आला. किंचाळलं-बिंचाळलं कुणी नाही. एक म्हातारी तेवढी मटकन खाली बसली. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "धाकट्याचं काय झालं?" आवाज ऐकून त्याची बायको दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती आत गेली आणि कुंकू लावून बाहेर आली. मग रडली. हा क्रम माझ्या डोळ्यांत राहिला, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

तो सुरतेला होता. त्याच्या गावचा एक माणूस तिथल्या गिरणीत होता, त्यानं याला कामाला लावून दिलं होतं. भांडण झालं त्याच दुपारी तो गाडीत बसला होता. गावच्या माणसाकडून बातमी कळली तसा निघून आला. ज्याचा खून झाला तो माणूसच कोर्टात उभा राहिल्यावर खटल्यात काय उरलं? धाकटा सुटला. थोरल्यानं त्याला पोटाशी धरलं, हे मी स्वतः बघितलं. पोर मात्र दगडासारखं उभं होतं.

फौजदारांनी फिटरला शर्टाचं विचारलं. तो म्हणाला, "दोरीवर वाळत होता. चोरीला गेला असेल." मेलेला माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेवारस म्हणून कागद मिटला.

माझं मात्र मिटलं नाही. जित्या माणसाला हिनं मारलं, असं बायका माझ्या तोंडावर म्हणू लागल्या. कँपात मास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकं थट्टा करायची. मास्तर मला काही बोलले नाहीत, पण काम कमी झालं. मी केलेलं प्रत्येक काज उलटसुलट करून बघायला लागले. करडा धागा घरातून काढून टाकला. मला वाटायचं, आपले डोळे फसले. दुसऱ्या कुणाचा शर्ट आपण याचा म्हटला आणि एक निरपराध पोर तीन महिने कोठडीत सडलं. झोप अशी लागेचना.

चैत्रात एका दुपारी शेजारीण पेज घेऊन आली. हे झोपले होते. मी शर्ट मांडीवर घेऊन नुसतीच बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

"किती वालली तू, वयनी."

"होईल बरं," मी म्हटलं.

तिनं पेज खाली ठेवली. मग दाराकडे पाठ करून बसली. "तुझी चूक नाय झाली. तुझं काज खोटं नव्हतं. शर्ट आमचाच होता."

मला वाटलं, माझं समाधान करते आहे.

"तो पेटीवाला यायचा ना," ती म्हणाली.

कँपातला एक सिंधी माणूस पत्र्याची पेटी खांद्याला अडकवून दारोदार फिरायचा. फण्या, सुया, रिबिनी, मणी. मऊ बोलायचा, बायकांना बहीण म्हणायचा.

"त्या दिवशी भांडण झाल्यावर दुपारी आला. त्याचा सदरा पाठीत पार फाटला होता. मला इतका राग आलेला, दोरीवरचा शर्ट ओढला नि दिला त्याला. म्हटलं, घाल. आमच्यात आता कोण घालणार नाय. लई खूश झाला. तिथंच घातला नि गेला."

मी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. "म्हणजे नदीवर तो..."

"पाय बघितले मी. चालून चालून फुटलेले. आमच्या माणसाचे तसे नायत."

"मग तू हो का म्हणालीस?"

"परक्या पुरुषाला नवऱ्याचा शर्ट दिला, हे चारचौघांत कशी सांगू? भ्याले. मान हलली ती हलली." मग पदरानं चेहरा पुसून म्हणाली, "तू झुरतेस ते बघवत नाय म्हणून सांगितलं. कुठं बोलू नको."

ती गेल्यावर मी पाय पसरून भिंतीला टेकले. कित्येक महिन्यांनी त्या दुपारी मला गाढ झोप लागली. पेटीवाल्याचा विचार त्या वेळी मनात आला नाही, हे लाज वाटली तरी सांगायला हवं.

पुढच्या आठवड्यात कँपात गेले. मास्तरांच्या बराकीच्या टोकाला एक म्हातारी दाराबाहेर खाटेवर बसलेली असायची. रस्त्याकडे तोंड करून. आधीही दिसली असेल, मी पाहिलं नव्हतं. मी मास्तरांना विचारलं, ही कोण?

"पेटीवाला था ना, उसकी माँ," मास्तर म्हणाले. "लड़का सर्दियों से गायब है. चौकी में लिखवाया. वो बोले, चला गया होगा कहीं, अजमेर, जोधपुर, रिश्तेदार ढूँढने. ये मानती नहीं. रोज़ बैठती है."

"आणखी कोण आहे तिला?"

"कोई नहीं. यही एक लेके आई थी उधर से."

मी गाठोडं घेतलं आणि परत निघाले. त्या वाटेवर मी तीन ठिकाणी बसले. एरवी एकदाही बसत नसे.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे उठून बसले. 

"तू एकदा बोललीस. काय झालं ते बघितलंस," हे म्हणाले. "आता गप्प राहा."

"ती म्हातारी रोज रस्त्यावर बसते."

"तिचा मुलगा काही परत येणार नाही तुझ्या बोलण्यानं."

"वाट बघायची तरी थांबेल."

"आणि शेजारच्या बाईनं तुझ्यावर विश्वास टाकला त्याचं काय?"

मी भात टाकायला उठले. तरी आठ दिवसांनी मी चौकीत गेले. धीट होते म्हणून नव्हे. ते ओझं घेऊन दर आठवड्याला त्या खाटेसमोरून जायची ताकद माझ्यात उरली नव्हती, एवढंच. फौजदारांना वाटलं, मी पुन्हा काही घोळ घालायला आले. पण ऐकलं त्यांनी. ऐकता ऐकता ताठ बसले.

"म्हणजे पेटीवाल्याच्या अंगावर फिटरचा शर्ट," ते म्हणाले, "आणि त्याच दिवशी फिटर गावातून पसार. बाई, हे तुम्हाला कळतंय ना?"

मला ते कळलं नव्हतं. मी फक्त म्हातारीसाठी गेले होते. फौजदारांनी हिशेब असा मांडला की फिटरनं वाटेत आपला शर्ट दुसऱ्याच्या अंगावर पाहिला, भलतासलता संशय घेतला, त्याला मारलं आणि सुरत गाठली. शेजारणीला बोलावलं. ती म्हणाली, मी कुणाला शर्ट दिला नाही. पण समोरच्या दोघी बायकांनी पेटीवाल्याला त्या दुपारी तिच्या दारात पाहिलं होतं. संध्याकाळी फिटरला बेड्या घालून नेलं. जाताना तो माझ्या दारासमोर थांबला आणि म्हणाला, "आता कोणतं काज ओळखलं, बाई?"

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा कामावर गेला आणि अर्ध्या पाळीत, कामाच्या तेलकट कपड्यांनिशी, सरळ चौकीत जाऊन उभा राहिला.

"दादाला सोडा," तो म्हणाला. "मी मारलं."

फौजदारांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. भावासाठी खोटं बोलतोय असंच त्यांना वाटलं. मग त्यानं सांगितलं ते असं. भांडण झाल्यावर तो दिवसभर धुमसत होता. थोरला कुठे गेला असेल तर भट्टीवर, आणि तिथून पिऊन आला की वहिनीची धडगत नाही, म्हणून तो नदीच्या वाटेवर जाऊन थांबला. दिवेलागणीच्या सुमाराला पुढे वाटेनं एक माणूस पाठमोरा चाललेला दिसला. पट्ट्यांचा शर्ट. सकाळी भावाच्या अंगात काय होतं ते रागाच्या भरात त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि पेटी पुढच्या बाजूला होती, ती दिसली नाही. त्यानं दगड उचलला. माणूस पडला तेव्हा त्याला उलटा केला, तर तो भाऊ नव्हताच.

"मी भावाला मारलं नाही हे खोटं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "मारायला मात्र त्यालाच गेलो होतो."

प्रेत त्यानं पाण्यात उतरून लोटून दिलं आणि पेटी बांधाच्या कडेला निवडुंगाखाली पुरली होती. जाऊन जागा दाखवली. खणल्यावर पेटी निघाली. आत सुयांच्या पुड्या, फण्या, गंज धरलेल्या पिना. मग कुणाला काही विचारायचं उरलं नाही. फिटरला सोडलं.

शेजारीण त्यानंतर चार दिवस दाराबाहेर आली नाही. पाचव्या दिवशी मी नळावर एकटी होते तेव्हा आली. हंडा खाली ठेवला. मला वाटलं होतं शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. थकलेल्या आवाजात, एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं बोलली.

"त्या संध्याकाली तो घरी आला तो ओला. थंडीत ओला. मी काय इचारलं नाय. नदीवर शर्ट नि पाय बघितले तेव्हाच मला सगलं कललं. मी हो म्हटलं ते भिऊन नाय म्हटलं, वयनी. मला वाटलं, मेला तो माझा नवरा म्हटला तर पोराकडं कोण बघणार नाय. सख्ख्या भावाला कोण मारतं? पण त्यालाच धरला."

"मग?"

"मग दुसरं सुचलं. मेलेला परत आला की खटला संपला. सुरतेशिवाय तो जाणार कुठं? सारखं तेच बोलायचा. पत्र लिवून घेतलं. तुझ्याच माणसाकडनं."

मला आठवलं. ती एकदा यांच्याकडे पोस्टकार्ड घेऊन आली होती. गावच्या माणसाला लिहायचंय म्हणाली. पाहुण्याला पाठवून द्या, धाकटा फार आजारी आहे, एवढंच यांनी लिहिलं होतं. हे चाळीतल्या सगळ्यांचीच पत्रं लिहीत. कोण पाहुणा, कोण धाकटा, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तो आला. पोर सुटला. सगलं बसलं होतं जागेवर," ती म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून मी बोलले. नि तू..."

ती नळाकडे वळली. हंडा भरला, उचलला.  ती म्हातारी, तिची खाट, हे मी सांगू शकले असते. पण त्या वेळी ते तोंडातून निघेना.

धाकट्याला जन्मठेप झाली. वय लहान, कबुली स्वतःहून दिलेली, म्हणून फाशी टळली. निकालाच्या दिवशी मला बोलावणं नव्हतं, तरी गेले. आता त्याच्याकडे पाहू शकले. तो मला पाहून हसला नाही, रागावलाही नाही. जेवून झालेला माणूस बसतो तसा बसला होता.

त्याच आठवड्यात मास्तरांबरोबर मी म्हातारीकडे गेले. पोलिसांनी तिला कळवलं होतं, पण काय कळवलं ते तिला नीट समजलं नव्हतं. मास्तरांनी सिंधीत पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं, शर्टासकट. ती रडली नाही. तिनं मधेच काहीतरी विचारलं. मास्तर माझ्याकडे वळले.

"पूछती है, कमीज़ नई थी?"

"वर्षाची होती. पण चांगली होती. फाटलेली नव्हती," मी म्हटलं.

म्हातारी पुन्हा बोलली, या वेळी बराच वेळ. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ती म्हणते, इथे आल्यापासून माझ्या पोराला कुणी आपणहून काही दिलं नव्हतं. ज्या बाईनं दिलं तिला सांग, मी तिच्यासाठी प्रार्थना करते. तिच्या घरात जे झालं त्यात तिचा दोष नाही.

हे मला पोचवायचं होतं. दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी मी शेजारणीच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला.

"म्हातारीला किती पोरं?" तिनं विचारलं.

"हा एकच होता."

ती परत निवडायला लागली.  मी घरी आले.

त्यानंतर यांच्यासाठी पेज आली नाही, आणि ते मी गृहीतच धरलं होतं. फिटर पावसाळा सरल्यावर पुन्हा सुरतेला गेला. बायकोला ये म्हणाला, ती गेली नाही. मुरबाडला सासूजवळ राहीन, म्हातारीला बघायला कोणी नाही, असं तिनं सांगितलं. सामान फारसं नव्हतंच. ती निघाली त्या दिवशी हे दारात खुर्ची टाकून बसले होते. तिनं यांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तब्येत सांभाल त्यांची." आणि गाडीत चढली.

हे पुढे बरे झाले, कामावर रुजू झाले. आम्ही बदलापूरला राहायला गेलो. येरवड्याच्या तुरुंगात धाकट्याला भेटायला शेजारीण दर वर्षी जाते, असं कुणीतरी सांगितलं. मी बरोबर केलं का, असं यांनी मला एकदाच विचारलं, तेही बऱ्याच वर्षांनी, जेवताना. मी म्हटलं, "माहीत नाही. तेव्हा फार दमले होते."  मी त्यांच्या पानात भात वाढला.